गाडीच्या खर्चात आधी स्वतःचा पगार धरा

एकाच ट्रकचे मालकही आपण आणि चालकही आपणच, अशा दुहेरी भूमिकेत असलेले हजारो जण महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आहेत. कळंबोलीचं लोखंड, लासलगावचा कांदा, चाकणच्या कारखान्यांचे सुटे भाग, भिवंडीच्या गोदामांतला माल, हे सगळं मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यांबरोबरच या एकेका गाडीवाल्यांच्या जिवावर हलतं. त्यांच्यापैकी अनेकांचा एक ठाम समज असतो: 'मी स्वतः चालवतो, म्हणून परवडतं.' ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पण त्याचा सरळ अर्थ असा होतो, की या धंद्यात चालकाची मजुरी कुणीच देत नाही. माल पाठवणारा देत नाही, बुकिंग एजंट देत नाही आणि मालक म्हणून तुम्ही स्वतःही स्वतःला देत नाही. न दिलेली मजुरी मात्र कुठून तरी वसूल होतेच. ती तुमच्या झोपेतून वसूल होते, मुलांच्या शाळेच्या फीमधून होते, चुकलेल्या सणावारांतून होते आणि महिनाअखेरीला घर चालवताना होणाऱ्या ओढाताणीतून होते. म्हणून एका ट्रकवर संसार चालवणाऱ्या प्रत्येकाने भाडं ठरवण्याआधी, फेरी घेण्याआधी, रात्री गाडी काढण्याआधी एकच सवय लावून घ्यावी: गाडीच्या खर्चात स्वतःचा पगार आधी धरायचा. धंदा आणि घर या दोन्हींच्या बहुतेक गाठी या एका सवयीने सुटू लागतात.

या मजुरीला खरोखर किंमत आहे का, हे ताडून पाहणं सोपं आहे. तुम्ही पंधरा दिवस आजारी पडलात आणि हप्ता थांबू नये म्हणून बदली ड्रायव्हर ठेवलात, तर तो पगार आणि रोजचा भत्ता मागणारच, आणि तुम्हाला तो द्यावाच लागेल. ज्या कामासाठी परक्या माणसाला पैसे मोजायला तुम्ही तयार होता, तेच काम स्वतः केल्यावर फुकट कसं ठरतं? सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० साली देशातल्या ट्रकचालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यात चालक दिवसाला सरासरी सुमारे १२ तास काम करतात, जवळपास निम्मे जण थकवा किंवा झोप आली तरी गाडी चालवत राहतात आणि ८४ टक्के चालक आपल्या घरच्यांना वा नातेवाइकांना हा व्यवसाय सुचवणार नाहीत, असं आढळलं. ज्या व्यवसायात राबणारा माणूसच मुलाला 'इथे येऊ नको' म्हणतो, तिथे कष्टांचं मोल कुठे तरी हरवत असतं. नोकरीतल्या चालकाचं मोल मालक हरवतो, असं म्हणता येईल. इथे मालकही तुम्हीच आहात. ते मोल परत मिळवणं निदान काही अंशी तरी तुमच्या हातात आहे.

हिशेब असा मांडा

पुढचे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. त्यांच्या जागी तुमचे आकडे घाला, पद्धत मात्र हीच ठेवा. समजा, दहा चाकी गाडी आहे. महिन्याचा हप्ता ५५,००० रुपये. विमा, कर, परमिट, पासिंग यांचा वर्षाचा खर्च १,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १०,०००. त्यात तुमचा चालक म्हणून पगार २५,००० रुपये. गाडी हलो वा न हलो, महिन्याला ९०,००० रुपये लागणारच. आता या रकमेला ३० दिवसांनी भागू नका, २५ दिवसांनी भागा. उरलेले पाच दिवस घरासाठी आणि गाडीच्या देखभालीसाठी आहेत आणि त्यांचाही खर्च याच धंद्यातून निघायला हवा. उत्तर येतं, दिवसाला ३,६०० रुपये. हा तुमच्या गाडीचा रोजचा उभा खर्च. दुसरा भाग धावण्याच्या खर्चाचा. भरलेली गाडी लिटरला चार किलोमीटर देत असेल आणि डिझेल ९० रुपये असेल, तर किलोमीटरला साडेबावीस रुपये झाले. दहा टायरांना दोन लाख रुपये लागतात आणि ते ८०,००० किलोमीटर चालतात असं धरलं, तर टायरांचे अडीच रुपये. ऑइल, ग्रीसिंग, पाटे, ब्रेक, अ‍ॅडब्लू यांचे अडीच रुपये आणि टोलचे चार रुपये धरू. बेरीज होते किलोमीटरला साडेएकतीस रुपये.

आता पुणे ते नागपूर आणि परत, अशी साधारण १,४०० किलोमीटरची फेरी घ्या. भराई-उतराईच्या थांब्यासह सहा दिवस लागतात असं समजू. धावण्याचा खर्च ४४,१०० रुपये आणि सहा दिवसांचा उभा खर्च २१,६०० रुपये, म्हणजे एकूण ६५,७०० रुपये. जाण्या-येण्याचं मिळून ६१,००० रुपये भाडं कुणी देऊ केलं, तर ज्याने स्वतःचा पगार धरलेला नाही त्याच्या वहीत खर्च ५९,७०० रुपये दिसेल आणि १,३०० रुपये सुटले म्हणून तो खूश होईल. प्रत्यक्षात सहा दिवसांच्या ६,००० रुपये मजुरीतले ४,७०० रुपये त्याने मालाच्या धन्याला सोडून दिलेले असतात. टायरांचे ३,५०० रुपयेही त्याने बाजूला काढले नसतील, तर हातातली रोकड आणखी मोठी दिसते. ती घरात खर्च होते आणि टायर बदलायची वेळ आली की सावकाराचं दार ठोठावावं लागतं. गाडी चालू असताना पैसा भरपूर आणि गाडी उभी राहिली की कर्ज, हा अनेक घरांचा अनुभव नशिबामुळे येत नाही. तो अशा अर्धवट हिशेबातून येतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: भाव बाजार ठरवतो, मी ६६,००० मागितले तर एजंट पुढच्या गाडीला फोन करेल. आक्षेप खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जायला हवं. एका गाडीवाल्याला बाजारभाव बदलता येत नाही. पण कोणती फेरी घ्यायची आणि कोणती सोडायची, हे त्याला ठरवता येतं, आणि त्यासाठी स्वतःचा तळाचा आकडा माहीत असावा लागतो. शिवाय भाडं हा सौद्याचा एकच भाग असतो. हमाली आणि वाराई कोण देणार, भराईला किंवा उतराईला एका दिवसापेक्षा जास्त गाडी थांबली तर हॉल्टिंग किती मिळणार, ॲडव्हान्स किती, पोच दिल्यावर बॅलन्स किती दिवसांत, या प्रत्येक गोष्टीवर बोलता येतं. 'ज्याचा माल त्याचा हमाल' ही वाहतूकदारांची जुनी मागणी याच कारणासाठी आहे. दिवसाचा उभा खर्च ३,६०० असताना १,००० रुपये हॉल्टिंग मान्य करणं म्हणजे रोज २,६०० रुपये पदरचे घालणं, हे कळल्यावर माणूस गोदामाच्या दारात निमूट बसून राहत नाही. ठरलेल्या अटी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. 'ठीक आहे' एवढं उत्तर आलं तरी पुढे वाद झाल्यास ते उपयोगी पडतं.

हाच हिशेब कधी कमी भाड्याला हो म्हणायलाही शिकवतो, आणि ते तितकंच महत्त्वाचं आहे. नागपुरात माल उतरवल्यावर आज २४,००० रुपयांचं परतीचं भाडं मिळतंय आणि दोन दिवस थांबलं तर २८,००० मिळेल, असं एजंट सांगतो. थांबण्यात ४,००० रुपये जास्त दिसतात. पण दोन दिवसांचा उभा खर्च ७,२०० रुपये आहे, म्हणून आजचे २४,००० घेऊन निघणंच फायद्याचं. ज्याच्या हिशेबात दिवसाला किंमत नाही, तो इथे थांबतो आणि घरी फोन करून 'परवा येतो' म्हणतो.

झोप हा फेरीचाच भाग

इथे कुणी चाणाक्ष वाचक विचारेल, की दिवसाला एवढी किंमत असेल तर रात्रभर गाडी मारून एक दिवस वाचवणंच शहाणपणाचं नाही का? हा प्रश्न टाळून पुढे जाता येणार नाही, कारण बहुतेक रात्रीचे प्रवास याच विचारातून घडतात. पुणे-नागपूर ७०० किलोमीटर ताशी सरासरी ४० च्या वेगाने धरलं, तर साडेसतरा तास होतात. सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते, हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं. आपल्या कायद्यात चालकासाठी मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. दारूच्या थेंबालाही न शिवणारा माणूस अशा रीतीने पहाटे मद्यपी चालकाच्या पलीकडे गेलेला असतो, आणि रात्री दोन ते पाच ही शरीराची सर्वांत सुस्त वेळ नेमकी तेव्हाच येते. चहा, तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी यांनी डोळे उघडे राहतात, पण मेंदूचा वेग परत येत नाही. त्यावर झोप हा एकच उपाय आहे.

शिवाय रात्र काढून वाचवलेला दिवस बहुतेक वेळा हाती लागतच नाही. सकाळी सहाला गोदामासमोर पोहोचलेली गाडी दहाला नंबर लावते, हमाल दुपारी येतात, पोच संध्याकाळी मिळते. दिवस जातो तो रस्त्यावर नाही, दारात. म्हणून वेळ वाचवायचा असेल तर तो तिथे वाचवा. निघण्याआधी उतराईची वेळ फोन करून पक्की करा, सुट्टीचा वार आणि बाजार बंद असल्याचे दिवस विचारून घ्या, कागद आदल्या रात्री तपासा. ई-वे बिलाचीही घाई नसते. प्रत्येक २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस मुदत मिळते, म्हणजे ७०० किलोमीटरला चार दिवस. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली होती, पण त्याचा रोख पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवर होता. एका गाडीवाल्याच्या कामाचे तास मोजायला कुणी येत नाही. ते त्याने स्वतः मोजायचे असतात. दिवसाला आठ-नऊ तास चालवणं, दर तीन-चार तासांनी उतरून पाय मोकळे करणं आणि रात्री किमान सहा-सात तास झोप घेणं, हे वेळापत्रक भाडं ठरवतानाच धरा. त्यामुळे झोपेचे तास चोरावे लागत नाहीत, त्यांचे पैसे भाड्यातच आलेले असतात.

जादा मालाचंही असंच आहे. 'दोन टन वर घेतलं की भागतं' म्हणणाऱ्याने आकडे समोर ठेवावेत. २०१८ साली तीन ॲक्सलच्या ट्रकची एकूण वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टन झाली. त्यापुढे गेल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे, शिवाय माल उतरवण्याचा खर्च. दोन टनांसाठी २४,००० रुपये. टनाला १,८०० रुपये भाडं धरलं तर जादा मिळकत ३,६०० रुपये. एकदा दंड झाला की साडेसहाहून अधिक फेऱ्यांची जादा कमाई संपते. टायर आणि पाटे वेगळेच झिजतात आणि खंबाटकी किंवा कसाऱ्याच्या उतारावर ब्रेकवर येणारा भार तर पैशात मोजताच येत नाही.

घराचा हिस्सा ठरलेल्या तारखेला

स्वतःचा पगार कागदावर धरून भागत नाही, तो घरी पोहोचायला हवा. त्यासाठी दोन बँक खाती ठेवा, एक गाडीचं आणि एक घराचं. सगळं भाडं गाडीच्या खात्यात यावं. डिझेल, फास्टॅग, हप्ता तिथूनच जावा. टायर, विमा आणि दुरुस्तीसाठी त्याच खात्यातून दर फेरीला ठरलेली रक्कम आवर्ती ठेवीत किंवा वेगळ्या बचतीत टाका. आणि महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला तुमचा पगार घराच्या खात्यात जावा, महिना चांगला गेला तरी तेवढाच आणि वाईट गेला तरी शक्यतो तेवढाच. उत्पन्न अनियमित असताना हे कसं जमेल, असा आक्षेप येईल. उत्पन्न अनियमित आहे म्हणूनच हे करायचं. विहिरीला पाणी आलं म्हणून सगळं एकाच पाळीत सोडणारा शेतकरी उन्हाळ्यात अडचणीत येतो, तसं दिवाळीआधीच्या तेजीतलं भाडं घरात एकदम ओतलं की पावसाळ्यातली मंदी भागवता येत नाही. तीन महिन्यांचे हप्ते आणि तीन महिन्यांचे पगार गाडीच्या खात्यात साठेपर्यंत नवी गाडी, नवा मोबाइल, मोठं लग्न यांना थांबवा.

घरी बसून पत्नी जे काम करते, तेही बहुतेक घरांत मोजलं जात नाही. बॅलन्ससाठी एजंटला फोन, पोचचे फोटो जपणं, पासिंगची तारीख लक्षात ठेवणं, हप्त्याचे निरोप घेऊन ठेवणं हे तिचंच काम असतं. तुमच्या मजुरीला किंमत असेल तर तिच्या मजुरीलाही आहे. तिला 'हिशेबातलं काही कळत नाही' असं म्हणणं सोयीचं असतं, पण महिन्याचा किराणा भागवणाऱ्या बाईला येणं-देणं लिहिता येतंच. एक वही पुरते: फेरीची तारीख, ठरलेलं भाडं, आलेला ॲडव्हान्स, बाकी बॅलन्स, थांबलेले दिवस. दर रविवारी फोनवर पंधरा मिनिटं दोघांनी ही वही बघावी. तुम्ही हायवेवर असताना एजंटशी हुज्जत घालण्यापेक्षा घरून आलेला शांत, आकड्यांसह केलेला फोन जास्त काम करतो. उद्यम नोंदणी करून घेतलीत, तर सूक्ष्म उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार करार नसल्यास १५ दिवसांत आणि लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क तुम्हाला सांगता येतो. प्रत्येक एजंट त्याने बधेल असं नाही, पण कारखान्यांच्या आणि मोठ्या कंपन्यांच्या हिशेब विभागांवर त्याचा परिणाम होतो.

मुलांच्या बाबतीतही तारीख महत्त्वाची. 'लवकर येतो' या शब्दावर लहान मूल काही दिवस विसंबतं, नंतर विसंबणं सोडून देतं. त्यापेक्षा महिन्याच्या सुरुवातीला घरचे पाच दिवस ठरवा, भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहा आणि त्या काळात भाडं स्वीकारू नका. पालकसभा, बारसं, गावची जत्रा यांपैकी काय त्या पाच दिवसांत बसवायचं, हे घरच्यांनी मिळून ठरवावं. वर्षातून एकदा डोळे, रक्तदाब आणि रक्तातली साखर यांची तपासणीही त्याच दिवसांत करून घ्या. हे दिवस उभ्या खर्चात आधीच धरलेले आहेत, त्यामुळे त्यांच्यापायी नुकसान झालं असं मनाला लावून घेण्याचं कारण उरत नाही.

उद्या तुम्ही नसाल तर

हा भाग कुणाला नकोसा वाटतो, पण एका ट्रकवर चालणाऱ्या घरासाठी तोच सर्वांत गरजेचा आहे. पगार धरायची सवय लागली की 'हा पगार थांबला तर घरात काय?' हा प्रश्न आपोआप पुढे येतो. गाडीच्या विम्यात मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण असतं. पण ते नोंदणीकृत मालकाला, त्याच्याकडे वैध लायसन्स असेल तर, मिळतं. कर्जाच्या किंवा कराच्या सोयीसाठी गाडी पत्नीच्या नावावर घेतली असेल आणि चालवत तुम्ही असाल, तर या संरक्षणावर विसंबू नका. चालकासाठी वेगळं संरक्षण पॉलिसीत जोडून घ्या आणि ते जोडल्याचं कागदावर वाचून खात्री करा. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आणि ४३६ रुपयांत २ लाखांचा आयुर्विमा देणारी जीवन ज्योती योजना बँकेत मिळतात, दोन्ही घ्याव्यात. मात्र कर्ज २५ लाखांचं असेल तर एवढ्याने भागणार नाही. बाकी कर्जाएवढा तरी साधा मुदत विमा असावा, नाहीतर हप्ता जामीनदार भावाच्या किंवा मेव्हण्याच्या गळ्यात पडतो आणि नातीच तुटतात.

प्राप्तिकर विवरणपत्र भरणंही घरासाठीच आहे. दहापेक्षा जास्त गाड्या नसलेल्या मालकाला अंदाजित उत्पन्नाची सोय आहे: १२ टनांवरच्या अवजड गाडीसाठी महिन्याला प्रतिटन १,००० रुपये. २८.५ टनांच्या गाडीचं वर्षाचं उत्पन्न त्यानुसार ३,४२,००० रुपये होतं. दुसरं उत्पन्न नसेल, तर सध्याच्या नव्या करप्रणालीत ते करमुक्त मर्यादेच्या आत आहे. दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं लेखी पत्र पॅनसह दिलं, तर भाड्यातून टीडीएसही कापला जात नाही. 'कर लागत नाही तर विवरणपत्र कशाला?' असं वाटेल. पण दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला आणि भरपाईचा दावा करावा लागला, तर न्यायाधिकरण उत्पन्नाचा पुरावा विचारतं. तो नसेल तर उत्पन्न अंदाजाने धरलं जातं आणि अनेकदा ते प्रत्यक्ष कमाईपेक्षा कमी असतं. आयुष्यभर ज्याने स्वतःची मजुरी कागदावर आणली नाही, त्याच्या माघारी ती घरच्यांनाही सिद्ध करता येत नाही. रस्ते अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडरहित उपचार देणारी केंद्राची योजना २०२५ मध्ये आली आहे. हे पत्नीला आणि मोठ्या मुलांना आधीच सांगून ठेवा. पॉलिसी, कर्जाचा करार, आरसी, नॉमिनीचे कागद यांच्या प्रती घरात एका फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलमध्येही ठेवा.

शेवटचा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे: एवढा सगळा हिशेब करूनही पगार निघत नसेल तर? तेव्हा हिशेबाने आपलं काम केलेलं असतं. सहा महिन्यांची वही सांगत असेल की एखाद्या मार्गावर मजुरी सुटत नाही, तर मार्ग बदला. एजंट बदला, कायम माल देणाऱ्या एखाद्या कारखान्याशी किंवा व्यापाऱ्याशी थेट बोला, तालुक्यातले चार-पाच एकगाडीवाले मिळून भाडी वाटून घ्या. तरीही जमत नसेल, तर कर्ज वाढण्याआधी गाडी विकून चांगल्या पगाराची चालकाची नोकरी धरण्यात कमीपणा नाही, कारण नोकरीतला पगार निदान दिसतो तरी. मालक असण्याचा मान तुमच्या कष्टांचं मोल मिळत असेल तोवरच खरा. म्हणून पुढचं भाडं ठरवायच्या आधी वहीचं पान उघडा आणि पहिल्या ओळीत डिझेल न लिहिता तुमचा दिवसाचा पगार लिहा. बाकीचा हिशेब त्याच्या खाली मांडा.